काळी दोन

१९९४ च्या पावसाळ्यात माझा आतेभाऊ शिकागोहून नगरला आला आणि येताना माझ्यासाठी एक कॅसेट घेऊन आला. गायकाचं नाव रिच मलिन्स. आमच्या टेपरेकॉर्डरचं झाकण सैल झालं होतं, त्याला रबरबँड लावावा लागायचा. चार गाणी झाली, पाचवं सुरू झालं, आणि माझे वडील, आप्पा, चहाचा कप तसाच हातात धरून स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"हे संतूर कोण वाजवतंय?"

मी कव्हरवरची बारीक अक्षरं वाचली. संतूर नव्हतं, हॅमर्ड डल्सिमर होतं. पसरट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि दोन हलक्या काठ्यांनी त्या तारांवर केलेले आघात. संतूरच्याच गोतातलं वाद्य. आप्पा खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण गाणं अर्ध्यावर आलं तसे ते ताठ बसले. "अरे, हा तर विश्वासांगीकार म्हणतोय!" खरंच होतं. दर रविवारी देवळात उभं राहून आम्ही जो प्रेषितांचा विश्वासांगीकार एका दमात म्हणून टाकतो, तोच या माणसाने चालीवर घेतला होता. गाण्याचं नावही 'क्रीड'. आप्पांनी मला कॅसेट मागे घ्यायला लावून ते तीनदा ऐकलं. चौथ्या वेळी पेटी पुढ्यात ओढली आणि त्या अमेरिकन संतूरची पट्टी शोधायला बसले. चहा केव्हाच गार झाला होता.

त्या दुपारपासून मी हे संगीत ऐकतो आहे. तीस वर्षं झाली. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या आणि गेल्या, आता सगळं फोनवर आहे. ऐकता ऐकता आवडीनिवडी पक्क्या होत गेल्या, काही गायक मनातून उतरले, काही अजून रोज लागतात. आणि एक प्रश्न पहिल्यापासून सोबत आहे. तो मला विचारला पुण्यात वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मित्राने. तो वारकरी घरातला, पंढरपूरच्या बाजूचा. माझे हेडफोन कानाला लावून त्याने दोन गाणी शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "यात ख्रिस्ती काय आहे? गिटार तीच, ड्रम तेच. आमच्याकडे टाळ वाजला की कळतं, अभंग सुरू झाला."

मी म्हटलं, "शब्द ऐक ना."

त्याने पुन्हा ऐकलं. "शब्दांत नुसतं 'तू' आणि 'मी' आहे. हे कुणीही कुणालाही म्हणेल."

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. पुढे लक्षात आलं की ज्यांच्या देशात हे संगीत जन्मलं त्यांनाही ते धड देता आलेलं नाही.

जन्म १९६० च्या दशकाच्या अखेरीचा, कॅलिफोर्नियातला. केस वाढवलेली, घर सोडलेली, नशापाणी करून थकलेली हिप्पी मुलं मोठ्या संख्येने येशूकडे वळली. त्यांना ऑर्गनवरची जुनी स्तोत्रं परकी वाटत होती. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये ती अनवाणी यायची, जमिनीवर बसायची आणि आपली गाणी गिटारवर म्हणायची. १९७१ मध्ये त्यांच्याच गाण्यांसाठी 'मारानाथा! म्युझिक' सुरू झालं. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, लॅरी नॉर्मनचा 'अपॉन धिस रॉक' निघाला होता. ख्रिस्ती रॉकची सुरुवात पुष्कळ लोक तिथून धरतात. सगळं चांगलं संगीत सैतानाच्याच वाट्याला का जावं, असा थेट सवाल त्याने पुढे एका गाण्याच्या नावातच केला. नॉर्मनचा आवाज मला फारसा भावत नाही, पण त्या सवालाचा खरेपणा भावतो. त्याला देवळातल्यांनी बंडखोर म्हटलं आणि बाहेरच्यांनी प्रचारक. मधल्या जागेत उभं राहून तो गात राहिला.

त्या पिढीतला माझा माणूस कीथ ग्रीन. पियानोवर असा तुटून पडायचा की पट्ट्या निखळतील असं वाटावं. १९८० मध्ये त्याने आपला नवा अल्बम काढला आणि किंमत ठेवलीच नाही. ज्याला जे परवडेल ते त्याने द्यावं, परवडत नसेल तर तसाच न्यावा. २८ जुलै १९८२ रोजी टेक्ससमध्ये विमान अपघातात तो गेला. वय अठ्ठावीस. सोबत त्याची दोन लहान मुलं होती. मला त्याच्या गाण्यांत कधीकधी दटावणी जास्त वाटते, पण त्याच्यापाशी गाणं आणि जगणं यांत फट नव्हती, म्हणून ती ऐकून घ्यावीशी वाटते.

मग बाजार आला. कंपन्या, पुरस्कार, रेडिओ केंद्रं, दुकानांतले वेगळे कप्पे. १९९१ मध्ये ख्रिस्ती गायिका एमी ग्रँटचं 'बेबी बेबी' अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा ख्रिस्ती श्रोत्यांत मोठी नाराजी पसरली. हिने देव सोडला, असं म्हणेपर्यंत मजल गेली. गाणं तिला सुचलं होतं ते तिच्या तान्ह्या मुलीकडे बघून. आईने बाळासाठी केलेलं गाणं ख्रिस्ती नाही, असं म्हणणाऱ्यांनी मरीयेच्या मांडीवरच्या बाळाकडे कधी नीट पाहिलं असेल का, हा विचार मला छळतो. पुढे त्या दशकाच्या अखेरीस गॉस्पेल म्युझिक असोसिएशनने आपल्या डव्ह पुरस्कारांसाठी शब्दांचे निकष लिहून काढले: पवित्र शास्त्रातल्या सत्यावर आधारलेलं, किंवा देवाची स्तुती करणारं, किंवा ख्रिस्ताशी असलेल्या नात्याची साक्ष देणारं, किंवा ख्रिस्ती दृष्टीतून उघडपणे आलेलं. पुरस्कार द्यायचे तर काहीतरी आखून घ्यावंच लागतं, हे मी समजू शकतो. पण त्याच सुमारास 'सिक्सपेन्स नन द रिचर' या बँडचं 'किस मी' जगभर वाजत होतं. संध्याकाळ, गवत, काजवे, एक चुंबन. देवाचं नाव कुठेच नाही. आणि बँडचं नाव कुठून आलं? सी. एस. लुईसच्या पुस्तकातून. मुलगा बापाकडे सहा पेन्स मागतो, त्यातून बापालाच भेट आणतो. बापाला आनंद होतो, पण पैशाने तो तसूभरही श्रीमंत झालेला नसतो. आपण देवाला जे देतो ते त्याच्याच खिशातलं. अख्खा बँड या एका दाखल्याखाली उभा होता. आता त्यांचं ते चुंबनाचं गाणं कोणत्या कप्प्यात टाकायचं?

आमच्या बायबलमध्येच एस्तेर नावाचं पुस्तक आहे. त्याच्या मूळ हिब्रूत देवाचं नाव एकदाही येत नाही. गीतरत्न तर प्रियकर-प्रेयसीचंच काव्य. कुणी निकषांचा कागद घेऊन बसला असता तर ही दोन्ही पुस्तकं बाहेर राहिली असती. माझ्या मित्राच्या 'तू' आणि 'मी' या आक्षेपाचं उत्तर खरं तर त्याच्याच घरात होतं. ज्ञानदेवांच्या विरहिणी ऐकलेल्या माणसाला भक्ती प्रेमाच्या भाषेत बोलते याचं नवल वाटू नये. पुढे आमची भेट झाली तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बरोबर आहे. पण विरहिणीत विरह असतो." हे वाक्य मी विसरलेलो नाही. त्याकडे मी पुन्हा येईन.

तेव्हा नावाच्या मोजदादीने भागत नाही. चालीने भागतं का? उत्तम शुक्रवारी जगभर जे स्तोत्र काट्यांचा मुकुट घातलेल्या मस्तकासाठी गायलं जातं, त्याची चाल हान्स लिओ हासलरच्या १६०१ च्या एका प्रेमगीताची आहे. बाखने पोलंडच्या राणीच्या वाढदिवसासाठी रचलेले नगारे आणि तुताऱ्या पुढच्याच वर्षी, १७३४ मध्ये, आपल्या ख्रिसमस ऑरेटोरिओच्या सुरुवातीला लावले. चालीला धर्म नसतो. तिला आठवणी असतात, आणि माणसं भांडतात ती आठवणींवरून.

हे भांडण आमच्याकडे जुनं आहे. १६१६ मध्ये गोव्यात रायतूर इथे फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. जन्माने इंग्रज असलेल्या त्या जेझुइटाने ख्रिस्ताची कथा सांगायला मराठी ओवी निवडली, आणि एकदोन नव्हे, दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या. समकालीन ख्रिस्ती संगीत हा शब्द मला त्यांनाही लावावासा वाटतो. लोकांच्या ओठांवर आज जे आहे त्यात ख्रिस्त सांगायचा, हेच तर त्यांनी केलं. नंतर आमच्या भागात अमेरिकन मराठी मिशनचे साहेब आले आणि त्यांच्यासोबत इंग्रजी चाली आल्या. त्यांवर मराठी शब्द बसवले गेले. त्यांतली काही गाणी मला प्राणापलीकडे प्रिय आहेत, पण मराठी शब्दाची ऱ्हस्वदीर्घाची लय त्यांत पुष्कळदा मोडते. 'तारणारा' म्हणताना 'ता' झटकन जातो आणि 'र' वर उगाच मुक्काम होतो. लहानपणी मला वाटायचं, देवळात मराठी अशीच बोलायची असते.

नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी येशूची कथा कीर्तनात आणली. मग १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि भजन आमच्या देवळात खऱ्या अर्थाने शिरलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्यांना तो पूल पाडायचा नव्हता. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातला मोठा वाटा त्यांचा आहे, आणि नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही ख्रिस्ती वस्तीत रात्री आठनंतर गेलात तर त्यांतलं एखादं गाणं कानावर येईलच. आमच्या घरात सांगितलं जातं की आप्पांच्या आजोबांना एकदा टाळ घेऊन देवळात येऊ दिलं नव्हतं. टाळ हिंदूंचा म्हणून. त्यांनी तो पायरीवर ठेवला आणि उपासना झाल्यावर बाहेर बसून वाजवला. आणि ज्या पेटीला आज आम्ही 'आपलं वाद्य' म्हणतो, ती १८४० च्या सुमाराला पॅरिसमध्ये घडली. आकाशवाणीने तिला परकी ठरवून १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली होती. आता आमच्या मंडळीतली वडीलधारी माणसं गिटारकडे बघून हेच म्हणतात. मी त्यांना पेटीची गोष्ट सांगतो. काही जण हसतात, काहींना राग येतो.

म्हणून नव्या मुलांच्या गिटारला, ड्रमला, पडद्यावरच्या शब्दांना माझा विरोध नाही. त्यांच्या गाण्यांतली कितीतरी मी स्वतः ऐकतो. ऑस्ट्रेलियाच्या डार्लीन झेक यांचं १९९३ चं 'शाउट टू द लॉर्ड' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उभा राहिलो होतो. तिथल्याच हिलसाँग चर्चच्या 'ओशन्स'मध्ये पाण्यावर पाऊल टाकणारा पेत्र आहे आणि त्याची भीती खरी आहे. माझी तक्रार दुसरी आहे. आता रविवारी जी गाणी म्हटली जातात त्यांतल्या बहुतेकांचा घाट एकच झाला आहे: हळू सुरुवात, मग एकच ओळ आठ वेळा, मग ड्रम चढत चढत जाणार, मग सगळे एक सप्तक वर. माझ्या शेजारी बसणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाई त्या सप्तकाशी येऊन थांबतात आणि पुस्तक मिटतात. उरलेलं गाणं त्या नुसतं बघतात. उपासना बघायची गोष्ट कधीपासून झाली?

इंग्लंडमध्ये वॉटफर्ड इथल्या एका मंडळीला हाच प्रश्न १९९० च्या दशकात पडला होता. तिथल्या पाळकांनी काही काळ ध्वनियंत्रणा आणि बँड दोन्ही काढून टाकले. लोक आले आणि उघड्या आवाजाने त्यांनी काय म्हणायचं ते म्हटलं. सुरुवातीला म्हणे अवघड शांतता असायची. त्या शांततेतून तिथल्या तरुण गायकाने, मॅट रेडमनने, 'द हार्ट ऑफ वर्शिप' लिहिलं. मला ते गाणं आवडतं, आणि ज्या शांततेतून ते आलं ती त्याहून आवडते.

आता मित्राच्या वाक्याकडे येतो. विरहिणीत विरह असतो. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची. देवा, तू कुठे आहेस, किती वेळ लावणार आहेस, असं उघड विचारणारी. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासासुद्धा नाही. हजारो वर्षं माणसांनी हे जपलं, गायलं, कुणी त्याला शेवटचं गोड कडवं जोडलं नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. तेही विलापाचंच. आणि शुभवर्तमानांत शेवटच्या भोजनानंतर येशू शिष्यांबरोबर स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाला, असं लिहिलं आहे. अटकेच्या रात्री, पुढे काय आहे हे ठाऊक असताना. येशू गायला असं तिथे दिसतं, आणि मला आठवतं तसं फक्त तिथेच.

म्हणून माझ्या आवडीच्या यादीत सगळ्यांत वर एक गाणं आहे जे 'समकालीन'च्या कप्प्यात बसत नाही. थॉमस डॉर्सी शिकागोचा. तरुणपणी तो 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवायचा, मा रेनीसोबत दौरे करायचा. नंतर तोच ढंग त्याने देवळात आणला, तेव्हा पुष्कळ पाळकांनी त्याला दारातून परत पाठवलं: हे दारूच्या गुत्त्यातलं संगीत आहे म्हणून. १९३२ मध्ये तो सेंट लुईसला गायला गेला होता. तिथे तार आली. बाळंतपणात बायको गेली. तो घरी पोहोचला, आणि पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात तो पियानोपाशी बसला आणि 'प्रेशस लॉर्ड' आलं. हात धर, मी थकलो आहे, एवढंच त्यात मागणं. १९६८ मध्ये मेम्फिसला मार्टिन ल्यूथर किंग यांनी गोळी लागण्याच्या काही क्षण आधी हेच गाणं त्या रात्रीच्या सभेत वाजवायला सांगितलं होतं. त्यांच्या अंत्यविधीत ते गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनने म्हटलं. तिचं ध्वनिमुद्रण मी काम करताना ऐकू शकत नाही. हातातलं बाजूला ठेवावं लागतं. जो ढंग देवळाने नाकारला होता, त्याच ढंगात किंग यांना मातीपर्यंत पोचवलं गेलं.

आणि रिच मलिन्स. हा माणूस अमेरिकेतल्या ख्रिस्ती रेडिओवरचा मोठा गायक, पण पैसे स्वतःच्या हातात ठेवत नसे. त्याच्या मंडळीतले वडील त्याला साध्या कामगाराइतका पगार द्यायचे, उरलेलं दानात जायचं. शेवटची काही वर्षं तो न्यू मेक्सिकोत नावाहो आदिवासींच्या वस्तीवर राहून मुलांना संगीत शिकवत होता. १० सप्टेंबर १९९७ रोजी एका ओस पडलेल्या चर्चमध्ये बसून त्याने आपल्या नव्या गाण्यांचा कच्चा मसुदा साध्या कॅसेटवर भरला. नऊ दिवसांनी रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. वय एक्केचाळीस. ती कच्ची टेप पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. आवाजात खरखर आहे, खोलीचा पोकळ घुमारा आहे. त्यातलं 'हार्ड टू गेट' हे येशूशी सरळ सरळ भांडण आहे. तू इथे राहून गेलास ना, मग एकटेपण कसं असतं हे विसरलास का, अशा अर्थाचं. अमेरिकेतल्या कित्येक श्रोत्यांना ते धक्कादायक वाटलं असेल. मला नाही वाटलं. विठोबाला दारात उभं करून जाब विचारणारे तुकोबा आणि त्याला शिव्या घालणारी जनाबाई ज्या भाषेत होऊन गेले, ती माझी आई बोलत होती. देवाशी भांडता येतं ते तो ऐकतो यावर विश्वास असला तरच. माझ्या लेखी ते गाणं 'क्रीड'इतकाच पक्का विश्वासांगीकार आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये आप्पा गेले. संध्याकाळी सहाच्या सुमाराला. मातीची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची ठरली. नगरची थंडी, अंगणात शेकोटी, आणि आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे रात्र भजनांत काढायची. मंडळीतली माणसं सतरंजीवर येऊन बसली. पेटी कोपऱ्यात होती, तिच्यावर आप्पांची शाल. तिला हात लावायला कुणी धजेना.

रात्री साडेनऊला मंडळीचा तरुण संघ आला. नाताळ जवळ आला होता, मुलं घरोघर कॅरल्स म्हणत फिरत होती, वाटेतच त्यांना कळलं होतं. फाटकाशी येऊन त्यांनी डोक्यावरच्या लाल टोप्या काढल्या आणि खिशांत कोंबल्या. आत येऊन बसली. कुणीतरी म्हणालं, "म्हणा रे एखादं." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चांगली गाणारी मुलं. रविवारी मंचावर अर्धा अर्धा तास गातात. त्यांना तीस-चाळीस गाणी पाठ होती आणि त्यांतलं एकही आप्पांच्या पायाशी बसून म्हणता येण्यासारखं नव्हतं. विजयाची, उड्या मारायची, हात उंचावायची. त्या मुलांचा काही दोष नव्हता. त्यांना कुणी दुसरं दिलंच नव्हतं, आणि न देणाऱ्यांत मीही होतो.

शेवटी आत्याने सुरुवात केली. टिळकांचं एक संथ भजन, आवाज कापरा. बायकांनी उचललं. दुसऱ्या कडव्याला संघातला गिटारवाला मुलगा माझ्याजवळ सरकला आणि कानाशी लागून म्हणाला, "काका, पट्टी कोणती?"

मी आप्पांची उपासना संगीताची प्रत उघडली. चामडी बांधणी, कडा तेलकट झालेल्या. तीस वर्षं त्यांनी पानोपानी पेन्सिलीने पट्टी टिपून ठेवलेली: पांढरी चार, काळी एक, पुन्हा पांढरी चार. त्या भजनावर लिहिलं होतं, काळी दोन. मी त्याला बोटाने दाखवलं. त्याने क्षणभर हिशेब केला, पुटपुटला, "डी शार्प," पट्टी चढवायचा चिमटा, कॅपो, काढून पहिल्या फ्रेटवर लावला आणि अंगठ्याने, नखाने नव्हे, एकेक तार छेडायला लागला. फार हळू. आत्याचा आवाज जिथे थांबायचा तिथे तोही थांबायचा. तिसऱ्या कडव्यापासून संघातल्या मुली धृपद म्हणायला लागल्या. पुस्तक हातोहात फिरत होतं. पहाटे चारपर्यंत त्या मुलांनी अकरा भजनं शिकली.

त्या रात्री गिटार होती, इंग्रजी पट्टी होती, टिळकांचे शब्द होते, मूळच्या कुठल्याशा लोकगीताची चाल होती. यात ख्रिस्ती काय आहे, असं माझ्या वारकरी मित्राला त्या रात्री विचारावं लागलं नसतं. तो मातीला आला होता, मागच्या रांगेत उभा राहून धृपद म्हणत होता.

तेव्हापासून नवं गाणं आवडलं की मी स्वतःला एकच विचारतो: मयताच्या घरी हे म्हणता येईल का? आनंदाची गाणी हवीतच, नाताळला विलाप कोण म्हणेल? पण ज्या मंडळीच्या तोंडी रडण्याचं एकही गाणं नाही, ती एक तृतीयांश स्तोत्रसंहिता हरवून बसली आहे, आणि तिने उरलेल्या गाण्यांत येशूचं नाव कितीदाही घेतलं तरी ती मला अपुरी वाटतात. माझी आवड माझ्यापुरती. कुणाला 'ओशन्स'मध्ये जे सापडतं ते मला डॉर्सीत सापडतं, आणि यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

फक्त वर्शिप टीममधल्या मुलांना एक विनंती आहे. रविवारचा सराव करा, मंच सांभाळा, नवी गाणी बसवा. पण मंडळीत कुणी गेलं की त्या रात्री गिटार घरी ठेवून येऊ नका. घेऊन या, सतरंजीवर मागे बसा, म्हाताऱ्या माणसांचा सूर धरा. त्यांना येणारी गाणी लिहून घ्या. मग तुमच्या भाषेत, तुमच्या चालीत, त्या घरात म्हणता येईल असं एक तरी नवं गाणं करा. आणि येताना कॅपो विसरू नका. आप्पांच्या प्रतीतली निम्मी भजनं काळी दोनमध्येच आहेत.